अर्ध्या भावातले भाऊजी

धक्का बसणं ही जर सरकारी नोकरी असती, तर आमचे भाऊजी तिच्यात शिपाई म्हणून लागून सर्वोच्च पदावरून निवृत्त झाले असते, आणि निवृत्तीचा आदेश हातात पडल्यावर त्यांना आणखी एक धक्का बसला असता. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म नागपुरातला, नोकरी एका बँकेत, त्यातली बरीचशी मौद्याच्या शाखेत, आणि घर जरीपटक्याच्या मागच्या अंगाला, बुद्धविहाराला लागून असलेल्या गल्लीत. उभं आयुष्य याच शहरात काढलेला माणूस, पण दर मे महिन्यात सकाळी दार उघडून ते बाहेर बघतात आणि आत वळून ताईला विचारतात, "काय वं, एवढं ऊन काहून पडून राहिलं?" ताई कूलरमध्ये पाणी भरत असते. ती म्हणते, "मे महिना आहे." यावर त्यांना दुसरा धक्का बसतो, कारण एप्रिल संपल्याचं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

बँकेतल्या माणसाला आपल्या निवृत्तीची तारीख नोकरीला लागतो त्या दिवसापासून ठाऊक असते. भाऊजींनी तर दुसऱ्या कितीतरी लोकांच्या निवृत्तीचे कागद स्वतःच्या हाताने तयार केले होते. तरी शेवटच्या दिवशी मॅनेजर शाल आणि पुष्पगुच्छ घेऊन त्यांच्या टेबलापाशी आले, तेव्हा हे मान वर करून म्हणाले, "आजच?" उद्याचं काम त्यांनी आदल्याच संध्याकाळी काढून टेबलावर मांडून ठेवलं होतं. निरोपाच्या भाषणात सगळे त्यांच्या सचोटीबद्दल बोलले, आणि ते सबंध वेळ समोशाच्या बशीकडे बघत स्वतःशीच मान हलवत होते. घरी आल्यावर ताईला म्हणाले, "अचानकच काढलं वं मले."

पण हे सगळे किरकोळ धक्के. त्यांचा खरा प्रांत म्हणजे भाव. कुठल्याही वस्तूचा भाव ऐकला की आधी त्यांचा चष्मा कपाळावर जातो, मग तोंडून "बाप्पा!" निघतं आणि मग हात मागे जाऊन बसायला काहीतरी शोधू लागतो, कारण भावाचा धक्का त्यांना उभ्याने घेता येत नाही. जरीपटक्याच्या बाजारात ते कांद्याच्या पोत्यावर बसले आहेत, बंद दुकानाच्या पायरीवर बसले आहेत, आणि एकदा टोमॅटोचा भाव ऐकून एका अनोळखी माणसाच्या स्कूटरवर बसले. स्कूटरचा मालक आला. भांडायच्या ऐवजी त्याने "क्या हुआ काका?" म्हणून बाटलीतलं पाणी पाजलं आणि कारण कळल्यावर तोही शेजारी टेकला. संत्र्याच्या गाडीपाशी तर त्यांना विशेष लागतं. "आपल्या गावचं संत्रं, अन् आपल्यालेच हा भाव?" असं ते गाडीवाल्याला अशा काही आवाजात विचारतात, की नव्या गाडीवाल्याला आपण गावाशी काही दगाफटका केला असं वाटू लागतं. जुने गाडीवाले मात्र त्यांना ओळखून आहेत. ते शांतपणे थांबतात, कारण पुढचा भाग त्यांना पाठ असतो. भाऊजी जरा सावरतात, चष्मा खाली घेतात आणि म्हणतात, "पुन्हा एकदा सांग गा." भाव पुन्हा सांगितला जातो. पुन्हा "बाप्पा!" त्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर अंघोळ करून आल्यासारखा तजेला येतो, ते निमूट पैसे देतात आणि कोपऱ्यावर थांबून तर्री पोहे खातात. पोह्यांचा भाव विचारत नाहीत. ताई म्हणते, तेवढी एक अक्कल त्यांना आहे.

आता अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काहीतरी तोड काढावीच लागते, आणि ताईने ती लग्नानंतर लगेच काढली. नव्या संसारातला पहिला कुकर तिने हौसेने आणला आणि खरी किंमत सांगितली. भाऊजी उंबऱ्यावर बसले ते दूध उतू जाऊन, गॅस विझून, शेजारीण ओरडत येईपर्यंत उठले नाहीत. त्या दिवसापासून ताईने नियम केला की ह्यांना कुठल्याही वस्तूची किंमत अर्धी सांगायची. धक्का अर्ध्यालाही पुराच बसायचा, पण माणूस लवकर उठायचा. हळूहळू हा नियम साऱ्या घराचा झाला. मुलगा बुटांची किंमत अर्धी सांगू लागला, माझी आई अर्धी सांगू लागली, मी तर शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवून संध्याकाळी ताईकडे जाऊन साडीचा अर्धा भाव बिनदिक्कत सांगायचे. भाजीवाली, दूधवाला, कोपऱ्यावरचा औषधवाला, सगळ्यांना सांगून ठेवलेलं. भाजीवाली भाऊजींसमोर अर्धा भाव बोलायची आणि ताईकडे बघून डोळा बारीक करायची. उरलेला हिशेब ते आत गेल्यावर. आणि हे उघडकीला येण्याची धास्तीही नव्हती, कारण भाऊजींची रीतच तशी. पगार आणून ताईच्या हातावर ठेवायचा आणि पुढे विचारायचं नाही. लोकांची खाती सांभाळण्यात हयात गेली, पण स्वतःच्या पासबुकाकडे बघायची त्यांना भीती वाटायची.

या नियमाचा त्रास झाला तो वेगळ्याच बाजूने. भाऊजी गल्लीभर बायकोचं कौतुक सांगत सुटले. "आमच्या घरचीसारखा भाव कोणालेच पाडता येत नाही. अर्ध्यात आणते गा, अर्ध्यात!" झालं, शेजारणी दारात येऊ लागल्या. एकीने मिक्सर आणायला पैसे दिले, भाऊजींनी सांगितलेल्या भावाप्रमाणे. ताईने उरलेले पदरचे घातले आणि मिक्सर आणून दिला, कारण दुसरा काही मार्गच नव्हता. मग त्या शेजारणीची बहीण आली. शेवटी ताईने गुडघे दुखतात म्हणून बाजारात जाणंच काही दिवस बंद केलं, तेव्हा कुठे ते थांबलं. भाऊजींना मात्र धक्का बसला की हिचे गुडघे कधीपासून दुखायला लागले.

निवृत्तीनंतर बाजाराचे धक्के कमी पडू लागले असावेत, म्हणून नियतीने त्यांच्या आयुष्यात मेडिक्लेम आणला. बँकेच्या निवृत्त लोकांसाठी आरोग्य विम्याची सामूहिक योजना आहे. दसरा होतो, दीक्षाभूमीवरची गर्दी ओसरते, आणि मग केव्हातरी परिपत्रक येतं: यंदाचा प्रीमियम इतका, मूळ पॉलिसी घ्यायची तर इतका, वर टॉप-अप घ्यायचा तर आणखी इतका, अमुक तारखेच्या आत शाखेत पर्याय भरून द्या. वर्षातून एकदाच दार उघडतं. आणि ज्याने त्या मुदतीत 'नको' म्हटलं त्याला पुन्हा कधीच आत घेत नाहीत. परिपत्रक आलं की भाऊजी पहिले तीन दिवस फक्त धक्क्यात काढायचे. मग ते सावरून त्याचा अभ्यास करायचे, आणि रविवारी वंदना आटोपली की विहाराच्या आवारात, पिंपळाच्या सावलीत, गल्लीतल्या बँक-पेन्शनरांना गोळा करून समजावून सांगायचे. समजावण्याची हातोटी मात्र खरोखर होती. मला त्या परिपत्रकातलं जे काही कळलं ते त्यांच्याचकडून.

"ऐका गा सगळे," ते म्हणायचे. "मूळ पॉलिसी म्हणजे समजा लग्नातलं पहिलं ताट. दवाखान्याचं बिल आलं का पहिले या ताटातलं खाचं. ते संपलं अन् भूक बाकी आहे, तं मंग टॉप-अप. टॉप-अप म्हणजे दुसरं ताट. पण पहिलं पुरं संपल्याशिवाय दुसरं कोणी वाढत नाही."

एकदा समोर एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या, यजमानांमागे त्यांना पेन्शन मिळते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् साहेब, आपण लग्नाले गेलोच नाही, तं ताटाचे पैसे वापस भेटते का?"

"नाही."

"तरी दर साली द्याचे?"

"दर साली."

"अन् पुढच्या साली ताटाचा भाव वाढते?"

"वाढते."

"जेवो का न जेवो?"

"जेवो का न जेवो," असं म्हणेपर्यंत भाऊजींचा आवाज खोल गेला होता आणि ते पायरीवर बसले होते. दुसऱ्याला समजावताना स्वतःलाच धक्का बसलेला माणूस मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला.

त्या आजींनी त्यांच्या डोक्यात किडा सोडला. वर्षभर आजारीच पडलो नाही तर सगळे पैसे पाण्यात, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग दर वर्षी पॉलिसीची मुदत संपत आली की त्यांना आपल्या तब्येतीची काळजी वाटू लागायची. म्हणजे ती फार चांगली आहे याची. ते स्वतःहून जाऊन सगळ्या तपासण्या करून घ्यायचे. रक्त, साखर, छातीचा आलेख; बिल मागाहून ताई भरायची. डॉक्टर सांगायचे, सगळं उत्तम आहे. "काहीच नाही?" भाऊजी हादरून विचारायचे. "नीट पाहा नं डॉक्टर. एखादी छोटीमोठी गोष्ट निघन." डॉक्टर म्हणायचे, "काका, खूश व्हा." "कायचा खूश? प्रीमियम भरून राहिलो मी!" आणि रिपोर्टांची पिशवी घेऊन ते असे उदास चेहऱ्याने घरी यायचे, की गल्लीतल्या लोकांना वाटायचं, काहीतरी मोठं निघालेलं दिसतं.

ताई मात्र कधी तपासायला जाताना दिसायची नाही. गेलीच तर एकटी जायची. गेल्या उन्हाळ्यापासून जिना चढताना ती मध्ये थांबू लागली होती. कणिक मळता मळता हात थांबायचा. मी विचारलं की म्हणायची, "थोडी ॲसिडिटी आहे वं." भाऊजींनी विचारलं तरी तेच. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून तिच्या गोळ्या यायच्या, ॲसिडिटीच्या म्हणून, आणि त्यांची किंमत अर्थातच अर्धी सांगितली जायची.

यंदाचं परिपत्रक आलं आणि प्रीमियम चांगलाच वाढलेला होता. खरं सांगायचं तर तो आकडा ऐकून मलाही बसावंसं वाटलं. आता यातली गंमत बघा. बाजारातली संत्री-टोमॅटो सोडली तर भाऊजींच्या जगात सगळ्या वस्तू अर्ध्या भावात होत्या. भाजी अर्धी, साडी अर्धी, डॉक्टरची फी अर्धी, औषधं अर्धी, शेजाऱ्याच्या ऑपरेशनचा खर्चसुद्धा आम्ही त्यांच्या कानावर अर्धाच घातलेला. एकच मोठा आकडा असा होता की जो आमच्या हाती न लागता थेट त्यांच्यापर्यंत पोचायचा, आणि तो म्हणजे हा प्रीमियम, कारण तो छापील. साहजिकच त्या अर्ध्या जगात तो एक पुरा आकडा राक्षसासारखा दिसायचा. आणि भाऊजी पडले बँकेतले. यंदा धक्क्याचे तीन दिवस झाल्यावर ते कागद-पेन्सिल घेऊन बसले, आणि त्यांनी शांतपणे सिद्ध केलं की दवाखाना एवढा स्वस्त असताना विमा घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

"मी बाहेर पडतो," त्यांनी रविवारी विहारात जाहीर केलं. पेन्शनर मंडळी हबकली. एक जण म्हणाले, "अहो, पुन्हा घेत नाहीत आत! अन् दवाखान्याचे भाव पाहिले काय तुम्ही?" "पाहिले म्हणूनच म्हणून राहिलो," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी आमचे सगळे अर्धे भाव एकेक करून त्या लोकांना ऐकवले. त्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे भाऊजी दवाखान्यात जाते तरी कुठं? आम्हालेही पत्ता द्या."

मी धावतच ताईकडे गेले. म्हटलं, "ताई, यांले अडव. या वयात विम्याबिगर राह्यचं म्हणजे काय? उद्या काही झालं तं?" भाऊजी घरी आल्यावर ताई त्यांना म्हणाली, "राहू द्या नं, भरून टाका."

"काहून? तुले काय झालं?"

ताईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मले काय होते? थोडी ॲसिडिटी."

"मंग? ॲसिडिटीसाठी एवढा प्रीमियम?"

खरे भाव सांगावेत तर सगळा इमला कोसळणार, न सांगावेत तर हे 'नको'वर खूण करून येणार. मी ताईकडे बघितलं, ताई खिडकीकडे बघत होती. ताईच्या मुलाने पुण्याहून फोनवर समजावून पाहिलं. पण तोही याच शाळेतला. दवाखान्याच्या खर्चाचा आकडा तोंडातून अर्धाच निघाला आणि भाऊजींना आणखी एक पुरावा मिळाला.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊजी 'नको' लिहिलेला कागद खिशात घालून शाखेत जायला निघाले. भलतेच खुशीत होते. एवढा मोठा खर्च वाचवल्याच्या आनंदात त्यांनी फ्रिजवर पडलेली ताईच्या गोळ्यांची रिकामी पट्टी उचलली आणि म्हणाले, "आज तुझी गोळी मीच आणतो." ताई "राहू द्या, राहू द्या" म्हणेस्तोवर ते गल्लीच्या टोकाला पोचले होते. आमचा नेहमीचा औषधवाला त्या दिवशी दुकान बंद करून रामटेकला गेला होता. भाऊजी शाखेत जायच्या आधी बाजारातल्या दुसऱ्या दुकानात गेले, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

ते परत आले तेव्हा मी आणि ताई समोरच्या खोलीत मेथी निवडत बसलो होतो. ते दारातच उभे राहिले. चष्मा जागेवर होता.

"काय वं, ही पट्टी केवढ्याची आहे?"

ताईने सवयीने अर्धा आकडा सांगितला.

"त्यानं दुप्पट घेतले."

"लुटलं असन तुम्हाले. आपला नेहमीचावाला..."

"छापून आहे याच्यावर," भाऊजी म्हणाले. मग खोलीत इकडे तिकडे बघितलं. "हा कूलर?"

ताईने मेथीची जुडी खाली ठेवली. "दुप्पट."

"तुझी ती हिरवी साडी?"

"दुप्पट."

"माझा चष्मा?"

"तोही."

"पोराच्या लग्नाचा हॉल?"

"तो तिप्पट," ताई खाली बघून म्हणाली.

भाऊजी माझ्याकडे वळले. "मास्तरीणबाई, तुले माहीत होतं?"

"भाऊजी, सगळ्यांलेच माहीत होतं."

"भाजीवालीले?"

"तिलेही."

मला वाटलं, आता हे बसणार. मी खुर्ची पुढे सरकवायला उठलेही. पण ते उभेच होते. चेहऱ्यावर तो नेहमीचा, लोकांना हसू आणणारा धक्का नव्हता. काहीतरी मनात जुळवून बघत होते, आणि जे जुळत होतं ते त्यांना नको होतं. फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, "भाव अर्धे सांगतले. अन् बिमारी? ती केवढी सांगतली?"

ताईने पदराला हात पुसले. हा प्रश्न मी तिची सख्खी बहीण असून मला सुचला नव्हता. जिना चढताना ती थांबते हे मी रोज बघत होते.

"हृदयाची झडप खराब झाली म्हणते," ताई शेवटी म्हणाली. "बदलावी लागते म्हणते. सालभरात."

"केव्हापासून माहीत आहे तुले?"

"उन्हाळ्यापासून."

"अन् मले नाही सांगतलं?"

"तुम्हाले धक्का बसला असता."

भाऊजींचा आवाज फुटला. "अवं, तो टमाट्याचा धक्का! तो तं मी मजेनं घेत होतो. टमाट्याच्या भावानं मले धक्का बसते म्हणून तू हे दाबून ठेवलं? एवढं?" ते पुढे आले आणि खाली तिच्यासमोर, पसरलेल्या मेथीतच गुडघे टेकून बसले. ताई म्हणू लागली, "उठा, धोतराले माती लागन," पण ते उठेनात. धोतर नव्हतंच त्यांच्या अंगावर, पँट होती. ताईला तेवढंही भान राहिलं नव्हतं. त्या दोघांकडे बघवेना, म्हणून मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि तिथे उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. शाखेत पेन्शनरांची ही गर्दी. भाऊजींनी आदल्या दिवसाचा कागद फाडून टाकला होता. नवा घेऊन त्यांनी दोघांच्या नावापुढे मूळ पॉलिसी आणि टॉप-अप, दोन्हीवर खूण केली. बँकेच्या योजनेत जुन्या आजारालाही विमा चालतो, हे परिपत्रकातलं वाक्य त्यांनी खिडकीतल्या बाईंना दोनदा वाचायला लावलं. बाईंनी एकूण प्रीमियम सांगितला. मागे उभे असलेले विहारातले सोबती "बाप्पा" ऐकायला कान टवकारून होते, एकाने तर बाक मोकळा करून ठेवला होता. "बरोबर आहे," भाऊजी म्हणाले आणि सही केली. मागच्यांना त्याचाच धक्का बसला.

नव्या वर्षाची पॉलिसी सुरू झाली आणि ताईचं ऑपरेशन ठरलं. ते नीट पार पडलं हे आधीच सांगून टाकते, उगाच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पहिलं ताट संपलं आणि दुसऱ्यातलंही बरंच गेलं. ताई आता जिना न थांबता चढते, भाजीवालीशी भांडते, आणि घरात सगळ्या वस्तूंचे भाव पुरे सांगितले जातात. भाऊजी ते ऐकून घेतात, मान डोलावतात आणि वर्तमानपत्र उघडतात. बाजारात ते येतात आणि जातात. संत्रेवाला परवा मला विचारत होता, "काकाची तब्येत तं बरी आहे नं?"

मला सांगायची आहे ती ऑपरेशनच्या दिवसाची सकाळ. सर्जनने आम्हाला बाहेर बोलावलं आणि हसून सुरुवात केली, की तसं हे नेहमीचंच काम आहे, काळजीचं काही कारण नाही. भाऊजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. "डॉक्टरसाहेब, तिनं तुम्हाले काही सांगून ठेवलं असन. ते राहू द्या. मले पुरं सांगा." सर्जनने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग पुरं सांगितलं. किती वेळ लागेल, कुठे काय बिघडू शकतं, या वयात काय होऊ शकतं. माझ्याने ते ऐकवेना, मी भिंतीवरचं दवाखान्याचं कॅलेंडर वाचत राहिले. भाऊजींनी शेवटपर्यंत उभ्याने ऐकलं. फक्त एवढंच विचारलं, "परत येईन नं ती?" सर्जन म्हणाले, "आम्ही सगळं करू." भाऊजींनी मान हलवली. मग नळावर जाऊन तोंड धुतलं, रुमालाने पुसलं, खिशातला कंगवा काढून उरलेसुरले केस नीट बसवले आणि आत गेले.

ताई हिरव्या कपड्यात पलंगावर होती. तिने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही वं," भाऊजी म्हणाले. आवाज अगदी मोकळा काढायचा प्रयत्न होता, पण त्यांना खोटं बोलायची सवयच नाही, तो शाळेतल्या नाटकातल्यासारखा निघाला. "छोटंसं काम आहे म्हणते. त्याले तं हसूच येऊन राहिलं होतं. म्हणते, एवढ्याशासाठी कायले आणलं यांले? चार दिवसांत भाजी चिराले बसशीन म्हणते."

"असं म्हणाले?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

ताईने त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग म्हणाली, "मंग तुम्ही जाऊन पोहे खाऊन घ्या. सकाळपासून उपाशी आहे." आणि तिला आत नेलं.

घरी आल्यावर, तिच्या अंगात जरा ताकद आली तेव्हा, मी तिला विचारलं, "ताई, त्या दिवशी तुले खरं वाटलं होतं का वं, भाऊजी बोलले ते?"

"छे वं," ताई म्हणाली. "डॉक्टरनं मले आदल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं." ती उशीला टेकली. "पण ते बोलून राहिले होते नं, तं ऐकत राहावं वाटलं."